पीएसए वाढलेला, एमआरआय अनिर्णित: मधला काळ कसा काढावा?

प्रश्न: माझे वय ६३ आहे. पीएसए (पुरःस्थ म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) ५.२ आला आणि एमआरआयमध्ये पाय-रॅड्स ३ (प्रोस्टेट कर्करोगाची शक्यता दाखवणारी श्रेणी) असा शेरा मिळाला. डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले आहे. परंतु कर्करोग आहे की नाही, हे कोणीच ठामपणे सांगत नसल्यामुळे झोप उडाली आहे.

पहिले उत्तर: पीएसए केवळ कर्करोगामुळेच वाढतो असे नाही, प्रोस्टेट ग्रंथीची वयोमानानुसार होणारी वाढ, मूत्रमार्गाचा संसर्ग, तपासणीच्या आदल्या दिवसांतील वीर्यस्खलन किंवा दीर्घ सायकलस्वारी यांमुळेही तो वाढू शकतो. म्हणूनच फेरतपासणी सांगतात, ती टाळाटाळ नव्हे. पाय-रॅड्सच्या १ ते ५ या श्रेणीत ३ म्हणजे अक्षरशः मधोमध. अशा वेळी पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागून येणारी घनता विचारा, ती ०.१५ पेक्षा कमी असेल, तर बायॉप्सीऐवजी (ग्रंथीचा नमुना काढून तपासण्याऐवजी) देखरेखीचा पर्याय अनेकदा सुचवला जातो.

दुसरे उत्तर: फिनास्टेराइड (प्रोस्टेटच्या वाढीवर आणि केसगळतीवर दिले जाणारे औषध) घेत असाल तर डॉक्टरांना अवश्य सांगा (केसांसाठी घेणारे हमखास विसरतात), कारण त्या औषधाने पीएसए सुमारे निम्म्यावर येतो, म्हणजे आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

तिसरे उत्तर: मलाही या अनिश्चिततेचाच त्रास अधिक झाला. पुढील तपासणीची तारीख आणि कोणत्या आकड्यानंतर बायॉप्सी करायची, हे डॉक्टरांकडून लिहून घेतल्यावर रात्री इंटरनेटवर शोधत बसणे बरेच कमी झाले. पत्नीलाही सोबत न्या. घाबरलेल्या माणसाला अर्धेच ऐकू येते.