मदत हवी आहे: कोडासाठी यूव्हीबी, गुडघ्यावर फरक पण बोटांवर नाही

माझ्या लेकीला (वय 14) कोड आहे. डाग गुडघ्यांवर आणि हाताच्या बोटांच्या टोकांवर. कोथरूडला एका त्वचेच्या डॉक्टरांकडे नॅरोबँड यूव्हीबी (त्वचेवर अतिनील किरण सोडण्याचा उपचार) चालू आहे, 311 नॅनोमीटरचं. आठवड्यातून दोनदा, आतापर्यंत 38 वेळा झालं. रात्री टॅक्रोलिमस मलम लावतो. थायरॉइड तपासून झालंय, नॉर्मल आहे. डोळ्यांना गॉगल न चुकता.

गुडघ्यांवर पांढऱ्या डागाच्या आत मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटलेत, प्रत्येक ठिपक्यात मधोमध एक केस. रंग तयार करणाऱ्या पेशींचा साठा केसांच्या मुळाशी असतो, प्रकाशाने त्या वाढून वर सरकतात, असं डॉक्टरांनी समजावलं. पहिला ठिपका दिसला तेव्हा मला रडूच आलं.

बोटांच्या टोकांवर मात्र काहीच नाही. तिथे केस नाहीत, म्हणून प्रतिसाद कमी, हे कळतंय. पण हेच किरण पेशींमधल्या डीएनएला इजाही करतात, आणि तिचं वय लहान आहे. मागच्या वेळी डोस वाढवल्यावर बोटं दोन दिवस लाल होती, आग होत होती.

कृपया कोडावर लावतात ते बावचीचं तेल सुचवू नका. त्यावर प्रकाश पडला की त्वचा भाजते.

पुढची भेट शनिवारी आहे. ज्यांच्या बोटांवर कोड होतं त्यांनी सांगा: तिथे रंग आला का, साधारण कितव्या वेळेनंतर? की डॉक्टरांनी बोटं झाकून बाकीच्या भागावरच उपचार चालू ठेवले?