मँचेस्टरला जुन्या सूतगिरणीतला फ्लॅट, घ्यावा की नको?

कालवाकाठी: नमस्कार मंडळी, अँकोट्समध्ये एका जुन्या सूतगिरणीत टू बेडरूम बघून आलोय. उघड्या विटा, उंच छत, मधोमध बिडाचे खांब, खिडकीतून रॉचडेल कालवा, बायकोचं तर तिथेच ठरलं. पण लिस्टेड बिल्डिंग (वारसा म्हणून संरक्षित), लीजहोल्ड (म्हणजे ठराविक वर्षांचाच हक्क), आणि देखभालीच्या सर्व्हिस चार्जचा आकडा ऐकून माझ्या घशाला कोरड. कोणी राहिलंय का अशा ठिकाणी? का नुसतं फोटोतच भारी?

थंडीवाजते: मी राहते, भाड्याने. भिंती जाडजूड त्यामुळे शेजारचा टीव्ही ऐकू येत नाही, पण वरच्यांची प्रत्येक चप्पल ऐकू येते कारण आमचे मजले लाकडी. तेव्हा आधी मजला कसला ते बघा. पूर्वी लाकडी तुळया-फळ्या असायच्या, त्यात मशीनचं तेल मुरलेलं, हवेत कापसाची धूळ, एक ठिणगी पडली की अख्खी गिरणी खाक, म्हणून मग बिडाचे खांब, बिडाच्याच तुळया आणि विटांच्या कमानी घालून मजले करायला लागले, श्रूजबरीची 1797 ची गिरणी त्यातली पहिली. छताला ओळीने बुटक्या कमानी दिसल्या तर निम्मं टेन्शन गेलं समजा. आणि खिडक्या! कामाला उजेड हवा म्हणून एवढ्या मोठ्या केल्या, हिवाळ्यात आम्ही कुडकुडतोय. लिस्टेड असल्याने खिडकी बदलायला काउन्सिलची परवानगी लागते, आमच्या घरमालकाला मिळाली नाही. आतून दुसरी काच बसवलीय का बघून घ्या.

लीजवाचाआधी: लीजची किती वर्षं उरलीत ते सांगितलंच नाही तुम्ही. 80 च्या खाली गेली की वाढवून घेणं महागात जातं. 30 जून 2022 पासूनच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं वार्षिक भाडं) नाही, पण रीसेल असेल तर जुनीच लीज गळ्यात येते. मागच्या तीन वर्षांची सर्व्हिस चार्जची बिलं मागा, द्यायला टाळाटाळ केली तर समजून जा. अजून एक, गिरणीच्या डोक्यावर नवे मजले चढवलेत का? तिथे क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून लावलेलं आवरण, असलं तर बँक फायर सेफ्टीचा कागद मागते आणि त्यात सहा-सहा महिने जातात.

लालबागकर: तुमचं वाचून पोटात दुखतंय राव. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते, 82 च्या संपानंतर परत आत गेलेच नाहीत. आमच्याकडे मुंबईत गिरणी ठेवून घरं असला प्रकार जवळपास नाहीच. 1991 च्या नियमात गिरणीची एक तृतीयांश जमीन महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला असं साधारण होतं, 2001 ला सरकारने बदल करून फक्त इमारती नसलेली मोकळी जागा वाटणीत धरली, 2006 ला सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं, मग काय, टॉवर आणि मॉल. तसं बघितलं तर विणकामाच्या एकमजली शेडमध्ये राहणार तरी कोण, पण मजल्यांच्या दगडी इमारतीही होत्याच की. गिरणी कामगारांना म्हाडाने दिली ती 225 चौरस फुटांची घरं, तीही लॉटरीत नंबर लागला तर.

कालवाकाठी: लीज 125 ची होती, 2004 पासून. कमानी नव्हत्या, तुळयाच होत्या, म्हणजे चपला आल्याच. आणि वरचे दोन मजले काचेचे नवीन आहेत, त्याचं एजंटने चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. आत्ताच मेल टाकलाय त्याला.