मतदानाआधीची ४८ तासांची दारूबंदी: ठेवायची की काढायची?

खानापूर रोड

मतदानाच्या आधीची दारूबंदी काढूनच टाका, असं आमच्या कट्ट्यावर सगळेच म्हणू लागलेत. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

आपल्याकडे बेळगावात कर्नाटक विधानसभेचं मतदान १० मे २०२३ ला झालं, लोकसभेचं ७ मे २०२४ ला. दोन्ही वेळा दोन दिवस आधी संध्याकाळी सहाला दुकानांची शटर खाली आली, मतमोजणीच्या दिवशी पुन्हा आली. आणि ज्याला प्यायची होती तो दोन्ही वेळा प्यायला. इथपर्यंत बंदीच्या विरोधकांशी माझं भांडण नाही.

पण लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ क एकदा वाचा. १९९६ च्या दुरुस्तीत ते आलं. त्यात दारू विकायला मनाई आहे, तशीच द्यायला आणि वाटायलाही आहे. हॉटेल-दुकानात आहे, तशीच खाजगी जागेतही आहे. म्हणजे उमेदवाराच्या माणसानं त्या ४८ तासांत शेतातल्या घरी नेऊन पाजली तरी गुन्हाच. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंमल मात्र फक्त परवान्याच्या दुकानावर होतो, कारण त्याला पत्ता आहे, पाटी आहे, एक्साइजची नोंदवही आहे. शेतातल्या घरावर जातो कोण?

आणि त्या ४८ तासांच्या आधीचं काय? मतासाठी नोटा वाटताना सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मतासाठी जेवू घातलं, दारू पाजली, तर तीही लाचच, पण तिला शिक्षा फक्त दंडाची. जुन्या दंड संहितेत असंच होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७३ मध्येही तेच ठेवलंय. ज्यांनी हा कायदा नव्यानं लिहिला त्यांना ही सवलत दिसली नसेल असं मी मानत नाही. माझं म्हणणं एवढंच: बंदी राहू दे, ही सवलत काढा.

परमिट रूम, निपाणी

कायद्याचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण भोगतो कोण ते बघा. माझा बार आहे. आचारसंहिता लागली की रोजचा स्टॉक आणि रोजची विक्री एक्साइजला कळवायची. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा खप जास्त दिसला की लगेच विचारणा. शेवटी येऊन दाराला सील मारून जातात. वर्षाची लायसन्स फी भरून बसलोय, त्यातले बंदच्या दिवसांचे पैसे कोणी परत देत नाही. किचनमधल्या पोरांना पगार द्यावाच लागतो, ती कुठं जाणार?

वाटायचा माल काय माझ्या काउंटरवरून शेवटच्या दोन दिवसांत जातो होय? तो आधीच कुणाच्या तरी गोठ्यात, कुणाच्या तंबाखूच्या वखारीत जाऊन पडलेला असतो. आम्ही दार लावल्यावर त्याच मालाला भाव येतो. बंदीमुळे फुकट वाटणाऱ्याची मक्तेदारी होते, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकान उघडं असेल तर माणूस आपल्या पैशानं पिईल आणि कुणाचा मिंधा राहणार नाही.

उद्यमबाग शिफ्ट

+१. फाउंड्रीत भट्टीपुढं आठ तास उभं राहून घरी येताना मी एक क्वार्टर घेतो, स्वतःच्या पैशानं. माझं मत आजवर कुणी विकत घेतलेलं नाही. मला दोन दिवस संशयित कशासाठी ठरवता? ज्यांच्या घरी कपाटात बाटल्या असतात त्यांना या बंदीचा पत्ताही नसतो. झळ बसते ती रोज तेवढीच घेणाऱ्याला. मग तो जातो गल्लीच्या टोकाला, दीडपट पैसे देऊन टेट्रा पॅक घेतो, नाहीतर गावठीकडे वळतो. कर्नाटकात २००७ पासून अरॅक, म्हणजे स्वस्तातली देशी दारू, बंद आहे, तरी हातभट्टी संपली का? गावठीत काय मिसळलेलं असतं कुणास ठाऊक. माणूस मेला तर त्याची जबाबदारी कुणी घ्यायची?

हिंडलग्याची ताई

तुम्हा तिघांचंही वाचलं. तिघेही दुकानाबद्दल बोलताय, घराबद्दल कुणीच नाही.

आमच्या गल्लीत काय होतं ते सांगते. प्रचार संपला की अंधार पडल्यावर एक मोटारसायकल येते. मागं बसलेल्याच्या हातात चिठ्ठ्या. पांढऱ्या कागदाचा तुकडा, त्यावर ना पक्ष ना नाव, नुसता शिक्का आणि एक आकडा. ज्याच्या घरात चार मतं त्याला चार चिठ्ठ्या. त्या घेऊन बाहेरच्या ढाब्यावर गेलं की मटणाचं ताट आणि बाटली. बायकांच्या नावाची चिठ्ठीसुद्धा नवराच घेऊन जातो! माझ्या मताची दारू माझा नवरा पितो आणि रात्री घरी येऊन मलाच विचारतो, उद्या बटण कुठलं दाबणार?

म्हणून मला ते ४८ तास हवेत. आमच्या स्त्रीशक्ती संघातल्या, म्हणजे बचत गटातल्या, बायकांना विचारा. ते दोन दिवस दुकानं बंद असतात तेव्हा निदान स्वतःच्या पगारातले पैसे तरी बाटलीत जात नाहीत. माझं तर म्हणणं आहे ४८ तास थोडे झाले, आचारसंहितेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री आठलाच दुकानं बंद करा. पलीकडं महाराष्ट्रात बायकांना उभी बाटली आडवी बाटलीचं मतदान घेऊन गावातलं दुकान बंद करता येतं. पन्नास टक्क्यांहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायला, मत दिलं की झालं.

परमिट रूम, निपाणी

ताई, तुमचं दुःख मला कळतं. पण तुम्ही सांगितलेली ती चिठ्ठी माझ्या दुकानात चालत नाही, ढाब्यावर चालते. आठवडाभर रात्री आठला मला बंद केलंत तर ढाब्यावरची गर्दी वाढेल की कमी होईल, सांगा की.

चंदगडी

मी शिनोळीच्या अलीकडचा, म्हणजे तुमच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला. हद्द कुणी लक्षातच घेत नाही इथं. २०२४ ला ७ मेला बेळगाव, चिक्कोडी, कोल्हापूर, हातकणंगले, सिंधुदुर्ग, गोवा, सगळीकडे एकाच दिवशी मतदान होतं. तिन्ही राज्यांत एकदम कुलूप. त्या वेळी आमच्या रस्त्यावर खरोखर सामसूम होती. २०२३ ला मतदान फक्त कर्नाटकात. सीमेला चिकटलेली दुकानं बंद ठेवायला सांगतात, पण जरा आत सरकलं की सगळं चालू. कर्नाटकातल्या बाचीकडून गाड्या येत होत्या, पोतं बांधून परत जात होत्या. चोर्ला घाटातून येणारा गोव्याचा माल वेगळाच. तिथं कर कमी, म्हणून निवडणूक असो नसो, तो रस्ता वाहतोच. कोगनोळीच्या टोलवर गाड्या तपासतात, कणकुंबीला तपासतात. पण शेतातून जाणाऱ्या वाटा किती आहेत ते आम्हाला विचारा. हद्द बघून काम करणारे अधिकारी आणि हद्द न बघता धंदा करणारी माणसं, असा मामला आहे. विधानसभेची बंदी एकाच राज्यात लावायची असेल तर ती न लावलेली बरी.

निवृत्त गुरुजी

मी शिक्षक होतो, केंद्राध्यक्ष म्हणून ड्यूटी केलेली आहे. बंदी काढा म्हणणाऱ्यांनी एकदा बूथवर बसून बघावं. दुपारी तीननंतर ऊन उतरायला लागलं की रांगेत वास येतो. माणूस झोकांड्या खात येतो, बोटाला शाई लावून घेत नाही, पोलिंग एजंटांशी हुज्जत घालतो. गैरवर्तन करणाऱ्याला केंद्राबाहेर काढण्याचा अधिकार लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३२ नं केंद्राध्यक्षाला दिलाय. पण त्याच कलमात असंही आहे की हा अधिकार वापरून कुणाची मत द्यायची संधी हिरावता येत नाही. म्हणजे बाहेर काढायचा, उतरल्यावर परत घ्यायचा, आणि तोवर रांगेतल्या बायका मागच्या मागं घरी जातात. दुकानं बंद असून ही अवस्था. उघडी असती तर?

आणखी एक. आमच्या वडिलांच्या काळात महाराष्ट्र एकीकरण समितीच्या प्रचाराला माणसं घरून भाकरी बांधून घेऊन जायची, खिशातली वर्गणी घालायची. आज मराठी वस्तीतही सगळ्या रंगांच्या झेंड्यांखाली पंगती बसतात. हे लिहिताना वाईट वाटतं, पण हे आपल्या माणसांबद्दल आहे, म्हणूनच लिहितोय.

उद्यमबाग शिफ्ट

गुरुजी, आदर राखून सांगतो. तुमच्या बूथवर आलेला माणूस बंदी असतानाच प्यालेला होता. मग तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं झालं की.

खानापूर रोड

शिफ्टवाले भाऊ, तो माणूस कुणाच्या पैशानं प्यालेला होता तोच तर प्रश्न आहे. दुकान उघडं ठेवल्यानं फुकटची पंगत थांबेल हे मला पटत नाही. फुकट मिळत असताना विकत कोण घेतो? परमिट रूमवाले म्हणतात तो वखारीतला माल पकडायचा, तर वाटणाऱ्याला कैदेची भीती पाहिजे. आज त्याला माहीत आहे की ४८ तासांच्या आधी सापडलो तर दंड भरून मोकळा. उमेदवाराचं म्हणाल तर मतदाराला लाच हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरतं, निवडून आलेला असला तरी निवड रद्द होऊ शकते. त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात अर्ज करावा लागतो आणि पुरावा लागतो. ताईंनी सांगितलेली ती कोरी चिठ्ठी कोर्टात काय सिद्ध करणार?

चंदगडींचा मुद्दा मात्र रास्त आहे. एका राज्यात मतदान असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या ठोक विक्रीचा हिशेबही त्या आठवड्यात रोज मागवायला हवा. नुसती सीमेवरची चार दुकानं बंद करून भागणार नाही.

परमिट रूम, निपाणी

पुरावा, पुरावा. साक्ष कोण देणार ओ? निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर नाव न देता फोटो टाकता येतो, शंभर मिनिटांत कारवाई म्हणतात. पथकाची गाडी येईपर्यंत पानं उचललेली असतात. आणि पंचनाम्यावर सही करा म्हटलं की सगळं गाव घरात. दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहायचं असतं प्रत्येकाला. म्हणून म्हणतो, कैद वाढवून काही होणार नाही.

हिंडलग्याची ताई

पुरुष सही करत नाहीत हे खरं आहे. त्यांनी ताट खाल्लेलं असतं. आमच्या संघातल्या बायका करतील, मी करीन. ढाबा कुठला, मोटारसायकल कुणाची, सगळं आम्हाला माहीत असतं. गाडी मटण शिजत असताना पाठवा, उष्टी निघाल्यावर नको.