मदत हवी आहे: आजीची भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करताना आवाज फाटतोय

नमस्कार मंडळी. गाव दारव्ह्याजवळ, जिल्हा यवतमाळ. आजीनं ऐंशी ओलांडली. तिला येतात तेवढी भुलाबाईची गाणी आता गावात कोणालाच येत नाहीत. भाद्रपद पौर्णिमेला गल्लीतल्या पोरी भुलाबाई बसवतील, त्याआधी गाणी त्यांच्या हाती द्यायची म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

जुना डेस्कटॉप, विंडोज १०, मागच्या गुलाबी जॅकमध्ये कॉलर माइक, सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. कूलरची घरघर नको म्हणून पहाटे पाचला बसतो. आजी गुणगुणते तोवर ठीक. सूर चढवला की आवाज चरचरतो, आणि टिपरी वाजली की टिनावर गोटा पडल्यासारखं. मागे एकसारखी घुंई आहे ती वेगळीच. काल तिला ऐकवलं तर म्हणाली, "माहा आवाज असा फाटका हाय काय रे?" तेव्हापासून मन लागत नाही.

माइक बदलून पाहिला, ड्रायव्हर पुन्हा टाकला, माइक वीतभर लांब नेला. रेकॉर्डिंगची पट्टी १०० वरून ३० वर आणली तर आवाज बारीक झाला, पण फाटतो तसाच. हेच कोडं सुटत नाही. लाटा मोठ्या करून पाहिल्या तर टोकं कात्रीनं कापल्यासारखी सपाट दिसतात, तीही वरच्या काठाला न लागता, मधेच.

प्रतिसाद
भाऊ, मधेच सपाट टोकं हीच खूण. आवाज त्या पट्टीपर्यंत पोचायच्या आधीच कापला जातोय. पट्टी उतरवून कापलेला आवाज नुसता लहान होतो. घड्याळाजवळच्या स्पीकरवर उजवी क्लिक, साउंड्स, रेकॉर्डिंग, मायक्रोफोन, प्रॉपर्टीज, लेव्हल्स. तिथं 'मायक्रोफोन बूस्ट' बघा. +३० डेसिबलवर असेल तर माइकचा सिग्नल जवळपास ३२ पट होतो. शून्यावर आणा, मग पट्टी हळूहळू चढवा. जोराच्या टिपरीलाही मीटर −६ च्या वर जायला नको. घुंई बहुतेक ५० हर्ट्झची, विजेची. अर्थिंग तपासून घ्या, उन्हाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीत खड्डा कोरडा पडतो.

धागाकर्ता
बूस्ट खरंच +३० वर होता! शून्यावर आणला, पट्टी ७० वर. आज पहाटे आजी तीन गाणी गायली, एकही ठोका फाटला नाही. वायरमनदादांना बोलावलं तर अर्थिंगची तार गंजून सुटलेली, खड्ड्याला बोटभर भेगा. तार जोडून दोन बादल्या पाणी ओतलं, घुंई गेली. तुमचे फार उपकार झाले.

एकच उरलंय. आधीच्या फाटक्या अकरा गाण्यांतलं एक आजीला आता अर्ध्यापर्यंतच आठवतं. ते वाचेल का?

प्रतिसाद
आधी मूळ फाइलची प्रत करा. प्रतीवर इफेक्टमधलं 'क्लिप फिक्स' चालवा. कापलेलं टोक ते दोन्ही बाजूंचा उतार बघून अंदाजानं जोडतं. टिपरीचे ठोके सुधारतील, लांब चढलेले सूर तितके नाहीत. पण त्याआधी आजीला ते फाटकंच पुन्हा ऐकवा, या वेळी माइक चालू ठेवून. पुढचे शब्द कानावर पडले की ती सोबत गाऊ लागेल.