घरातलं आणि बाहेरचं तापमान: हा चार्ट कुणाला कळतोय का?

भिंगरी:
हौसेने दोन सेन्सर आणले, एक हॉलमध्ये आणि एक बाल्कनीत, आणि ॲपने जो चार्ट काढलाय तो बघून चार दिवस घरात सगळ्यांची डोकी फिरलीत. लाल रेघ घरातली, निळी बाहेरची (हा रंग कुणी ठरवला देव जाणे). भर दुपारी लाल वर आणि निळी खाली, म्हणजे बाहेर गार आहे असं समजून बाबांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि दहा मिनिटांत घराची भट्टी झाली. घराचा सगळ्यात गरम टाइम दाखवतोय संध्याकाळी ८, सूर्य मावळल्यावर! रात्री १० ला बाहेर एकदम ४१. आणि परवा पहाटे एक मिनिटभर हॉलमध्ये ८५ अंश होते, आम्ही तिथेच झोपलो होतो, शिजलो कसे नाही?

उंटावरचा शहाणा:
डावीकडचे आकडे आणि उजवीकडचे आकडे वेगळे आहेत का बघ आधी

भिंगरी:
अगंबाई हो. डावीकडे २४ ते ३०, उजवीकडे २० ते ४५. हे बारीक अक्षर आज दिसलं.

उंटावरचा शहाणा:
झालं मग. घरातले २९ डाव्या पट्टीवर जवळजवळ छताला टेकणार आणि बाहेरचे ३८ उजव्या पट्टीवर त्याच्या खाली बसणार. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे काहीही घडलेलं नसतं, नुसता चित्राचा खेळ. सेटिंगमध्ये एकच पट्टी कर. बाबांना सॉरी म्हण, त्यांनी चार्ट बरोब्बर वाचला, चार्टच खोटारडा.

मधली सुट्टी:
मी तर म्हणते एक पट्टी सेल्सिअस आणि एक फॅरनहाइट ठेवा, अजून मजा. उणे ४० ला दोन्ही सेम होतात, तेवढी थंडी पडली की भांडण आपोआप मिटेल 😂

सांदीकोपरा:
संध्याकाळी ८ मात्र खरं असू शकतं हं. जाड भिंती आणि स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि ती उष्णता आत यायला काही तास लागतात, त्यामुळे बाहेरचा कडाका दुपारी दोन-तीनला आणि घराचा रात्री जेवायच्या वेळी. पत्र्याचं छप्पर असेल तर लगेच तापतं, लगेच निवतं.
८५ चं म्हणशील तर सेन्सर डीएस१८बी२० आहे का? तो चालू झाल्या झाल्या, पहिलं माप घ्यायच्या आधी ८५ च सांगतो. वायर ढिली असेल, मध्येच करंट गेला की पुन्हा पहिल्यापासून. वायर पूर्ण निघाली तर बऱ्याचदा उणे १२७ दिसतं, तेव्हा स्वेटर शोधत बसू नकोस.

भिंगरी:
तोच आहे! वायर दाबून बसवली. आता राहिलं रात्रीचं ४१. तेव्हा तर बाहेर छान वारा असतो.

मधली सुट्टी:
बाल्कनीत नक्की कुठे लावलाय? ऊन लागतं का

भिंगरी:
ऊन नाही लागत, मुद्दाम कोपऱ्यात लावलाय, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या बाजूला, तिथे आयता खिळा होता म्हणून

सांदीकोपरा:
आणि एसी किती वाजता लावता

भिंगरी:
दहाला.
.
.
कुणी काही बोलू नका

उंटावरचा शहाणा:
म्हणजे तू घरातली गरमी बाहेर फेकतेस, तीच मोजतेस, आणि मग बाहेर किती उकडतंय बघा म्हणून अजून एसी वाढवतेस 🙏 हवामान खात्याची ती पांढरी झडपांची पेटी बघितलीस का कधी, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर, भिंतीपासून लांब ठेवतात, त्याला कारण आहे.

भिंगरी:
सेन्सर दुसऱ्या टोकाला सावलीत हलवला, पट्टी एक केली. आता दोन्ही रेघा सरळ कळतात आणि बाबा म्हणतात आधीचा चार्ट जास्त इंटरेस्टिंग होता.