शब्दचर्चा : नाताळ, उत्तम शुक्रवार आणि वल्हांडण

प्रश्न : सातवीतल्या भाच्यानं परवा विचारलं, "मामा, श्रावणमास तसा ख्रिस-मास का? मग तो महिनाभर का नसतो?" शंका मला रास्त वाटली. शिवाय 'नाताळ' शब्द पोर्तुगीज म्हणतात, पण कोल्हापुरात पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं. इथं अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले. तरी आमच्या तोंडी 'नाताळ' कसा? जाणकारांनी सांगावं.

उत्तर : दादा, आमचं घर तीन पिढ्यांचं कोल्हापुरी ख्रिस्ती, म्हणून लिहिते. ख्रिसमसमधला 'मस' म्हणजे महिना नव्हे. तो लॅटिन 'मिसा'वरून आला. उपासनेच्या शेवटी लोकांना निरोप देताना जे शब्द म्हणत, त्यातला हा एक. वसईचे कॅथलिक आजही उपासनेला 'मिस्सा' म्हणतात. म्हणजे ख्रिसमस ही ख्रिस्ताची मिस्सा. आणि 'ख्रिस्त' हे आडनाव नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ अभिषिक्त, ज्याच्या मस्तकावर तेल ओतून अभिषेक झाला तो. इस्राएलात राजांना असाच तेलाचा अभिषेक होई. छत्रपतींच्या गादीच्या गावात हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नाताळ मात्र पोर्तुगीज 'नाताल', मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. वास्को द गामाची जहाजं १४९७च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळ होती, त्याचं नाव नाताळ पडलं. गांधीजींच्या चरित्रात भेटतो तोच हा प्रांत. शब्दाला राज्य लागत नाही. चावी, पगार, बटाटा गोवा-वसईकडून घाटावर आले, तसाच नाताळही आला. 'पाद्री' आणि 'क्रूस' त्याच वाटेचे. क्रूसाला मराठीत 'वधस्तंभ' असा घडवलेला शब्दही आहे आणि मला तो जास्त भिडतो, कारण त्यात काय घडलं ते लपत नाही.

एक विनंती. गुड फ्रायडेला 'हार्दिक शुभेच्छा' असे निरोप येतात. पाठवणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण तो येशूच्या मरणाचा दिवस. आमच्यात बरेच जण उपास धरतात, दुपारच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं. 'गुड'चा जुना इंग्रजी अर्थ पवित्र असा होता. आम्ही 'उत्तम शुक्रवार' म्हणतो. वर्तमानपत्रातल्या 'शुभ शुक्रवार'मुळे गैरसमज वाढतो, असं माझं स्पष्ट मत आहे. शुभेच्छा त्यानंतरच्या रविवारी द्या, येशू मरणातून पुन्हा उठला त्या दिवशी. त्या सकाळी आम्ही एकमेकांना "प्रभू उठला आहे" म्हणतो आणि उत्तर येतं, "खरोखर उठला आहे."

प्रश्न : ताई, हे माहीत नव्हतं, यंदा ध्यानात ठेवीन. तो रविवार म्हणजे ईस्टर. त्याची तारीख दरवर्षी का हलते? आणि शब्द कुठला?

उत्तर : तारीख हलते कारण ती चंद्रावर आहे, आपल्या तिथीसारखीच. २१ मार्च हा विषुवदिन धरून, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, त्यामुळे पंचांगाशी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

'ईस्टर' हे नाव आठव्या शतकातल्या बीड या इंग्रज संन्याशानं ईओस्त्रे नावाच्या देवीशी जोडलं. तिच्याबद्दल दुसरा जुना आधार नाही, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. पोर्तुगीज 'पास्कोआ', फ्रेंच 'पाक' ही नावं थेट हिब्रू 'पेसाख'कडे जातात, आणि त्याला मराठी बायबलात फार सुंदर शब्द आहे : वल्हांडण. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्राएली गुलामांनी दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं आणि मृत्यू ती घरं ओलांडून पुढं गेला, त्याची आठवण म्हणजे वल्हांडण सण. येशूचं शेवटचं भोजन याच सणातलं. म्हणून त्याला देवाचा कोकरा म्हणतात.

प्रश्न : 'वल्हांडण' वाचून मी थांबलोच. आमची आजी कागलकडची. तिन्हीसांजेला पोरं दारात बसली की म्हणायची, "उंबऱ्यावर बसू नगंस, वलांडून आत ये." हा तोच का?

उत्तर : तोच. वलांडणे, ओलांडणे आणि वल्हांडण, एकाच घरातले.