बेडाक्विलिन एमजीआयटीत 'एस', पण आरव्ही०६७८ मध्ये फ्रेमशिफ्ट: रिपोर्ट काय द्यायचा?

कल्चरबेंच:
एमडीआर (अनेक औषधांना न जुमानणाऱ्या) टीबीच्या एका आयसोलेटची, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या जिवाणूची, बेडाक्विलिन या टीबीच्या औषधासाठीची डीएसटी (औषध लागू पडतं का ते पाहणारी टेस्ट) एमजीआयटीत, म्हणजे द्रव मीडियमच्या ट्यूबमध्ये, १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीला 'एस' (सेन्सिटिव्ह) आली आहे. सिक्वेन्सिंगमध्ये एटीपीई, म्हणजे औषधाचं टार्गेट असलेला जीन, स्वच्छ आहे. आरव्ही०६७८ या जीनमध्ये मात्र एक बेस (डीएनएचं एक अक्षर) जास्तीचा घुसून फ्रेमशिफ्ट झाली आहे, म्हणजे पुढचं सगळं वाचन सरकलं आहे. हा जीन इफ्लक्स पंपाशी (औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपाशी) संबंधित आहे हे माहीत आहे, पण पंपामुळे येणारा रेझिस्टन्स किती गंभीर धरायचा? एथिडियम ब्रोमाइड या चमकणाऱ्या रंगाची टेस्ट लावून खात्री करता येईल का?

मायकोलिक:
आरव्ही०६७८ स्वतः पंप नाही, तो पंपाचा ब्रेक आहे. त्याचं प्रोटीन डीएनएवर बसून एमएमपीएस५-एमएमपीएल५ या जोडीचं उत्पादन दाबून ठेवतं. हा पंप मुळात औषधासाठी नाहीच. जिवाणू लोह मिळवण्यासाठी मायकोबॅक्टिन बाहेर सोडतो, त्या कामाचा तो आहे. ब्रेक निकामी झाला की पंप भरमसाट तयार होतात आणि बेडाक्विलिनबरोबर क्लोफाझिमिन हे टीबीचं दुसरं औषधही बाहेर फेकलं जातं. म्हणून या आयसोलेटची क्लोफाझिमिन डीएसटी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. रुग्णाला बेडाक्विलिन कधीच मिळालं नसेल तरी हे म्युटेशन सापडू शकतं, तेव्हा जुन्या औषधांचा इतिहास पाहून ते नाकारू नये.

आता 'एस'बद्दल. एटीपीईमध्ये बदल झाला तर एमआयसी, म्हणजे वाढ रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण, बहुधा खूप वर जाते. आरव्ही०६७८ मुळे ती साधारण २ ते ८ पटच वाढते. मूळ एमआयसी खाली असेल तर ८ पट वाढूनही ती १ च्या आसपासच रेंगाळते. एकच कॉन्सन्ट्रेशन लावलं की अशी ट्यूब आज 'एस', तर पुढच्या खेपेला 'आर' (रेझिस्टंट) येते. तुमची टेस्ट चुकली असेलच असं नाही. 'एस' आणि 'आर' वेगळे करणारी रेघच अशा जागी आहे.

सिक्वेन्समध्ये आणखी एक गोष्ट पाहा: एमएमपीएल५ शाबूत आहे का? ब्रेक तुटला पण पंपाचाच जीन मोडलेला असेल, तर रेझिस्टन्स येत नाही. उलट असा आयसोलेट जास्त सेन्सिटिव्ह असू शकतो. डब्ल्यूएचओच्या २०२३ च्या म्युटेशन कॅटलॉगमध्येही आरव्ही०६७८ निकामी करणारे बदल रेझिस्टन्सशी जोडलेले आहेत, ते हा अपवाद सोडूनच.

ट्यूब_७एमएल:
एमआयसी लावा: ०.२५, ०.५, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली. हिशेब असा: ट्यूबमध्ये ७ मिली मीडियम, ०.८ मिली सप्लिमेंट, ०.१ मिली औषध, ०.५ मिली इनॉक्युलम (जिवाणूंचं द्रावण), एकूण ८.४ मिली. म्हणजे शेवटी १ मायक्रोग्रॅम प्रति मिली हवं असेल तर वर्किंग सोल्युशन ८४ मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं लागतं. बेडाक्विलिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून डायल्यूशनही डीएमएसओ या द्रावकामध्येच करा आणि तेवढाच ०.१ मिली डीएमएसओ ग्रोथ कंट्रोलमध्येही (बिनऔषधाच्या ट्यूबमध्ये) घाला. ग्रोथ कंट्रोलचं इनॉक्युलम १:१०० पातळ. सोबत तुलनेसाठी एच३७आरव्ही हा प्रमाण स्ट्रेन हवाच.

चुका बहुतेक इनॉक्युलममध्ये होतात. गुठळ्या नीट फुटल्या नाहीत, बसू दिल्या नाहीत, तर औषधाच्या ट्यूबमध्ये एखादा गोळा जातो आणि खोटा 'आर' येतो. कल्चरची ट्यूब पॉझिटिव्ह झाल्यावर (वाढ दिसल्यावर) पहिल्या-दुसऱ्या दिवशी सरळ वापरा, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी १:५ करून. त्यानंतर नवीन सबकल्चर.

आणि फ्रेमशिफ्टचे रीड्स (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले डीएनएचे तुकडे) किती टक्के आहेत ते बघा. आरव्ही०६७८ मध्ये ठरावीक हॉटस्पॉट नाही, सुमारे ५०० बेसमध्ये कुठेही बदल होतात. त्यामुळेच रिफॅम्पिसिनसाठी जशी आरपीओबी जीनवर एलपीए (ठरावीक जागचे बदल ओळखणारी पट्टी) चालते तशी इथे चालत नाही. एकाच रुग्णात दोन-तीन वेगळी म्युटेशन्स थोड्या थोड्या प्रमाणात असू शकतात, आणि सँगर या जुन्या पद्धतीच्या सिक्वेन्सिंगमध्ये कमी टक्क्यांचं मिश्रण निसटतं.

कल्चरबेंच:
रीड्स पाहिले, फ्रेमशिफ्ट जवळपास १०० टक्के आहे, एमएमपीएल५ शाबूत आहे. एमआयसी लावतो. एथिडियमचं काय? आणि व्हेरापामिल हे हृदयाचं औषध पंप रोखतं, तर ते रुग्णालाच का देत नाहीत?

फ्लुओ५८५:
एथिडियम बाहेर फिकट दिसतं, आत जाऊन डीएनएला चिकटलं की चमकतं. ओडी (द्रावणाचा गढूळपणा) ०.८ पर्यंत वाढवा, धुऊन पीबीएस-ट्वीन या बफरमध्ये शेवटची ओडी ०.४ करा, ग्लुकोज ०.४ टक्के, ३७ अंश, ५३० नॅनोमीटरवर एक्साइट आणि ५८५ वर वाचन, दर मिनिटाला एक, ६० मिनिटं. व्हेरापामिल त्याच्या एमआयसीच्या निम्मंच घ्या. जास्त घेतलंत तर पंप थांबला की पेशीच मरायला लागली, ते कळत नाही. रिअल-टाइम पीसीआर मशीनवर हे होतं, पण जिवंत ट्यूबरक्युलोसिस आहे, बीएसएल-३ (कडक सुरक्षेच्या लॅब) बाहेर काढू नका.

तरी या प्रश्नाला ही टेस्ट उत्तर देणार नाही. एथिडियम बाहेर टाकणारे पंप इतरही आहेत, त्यामुळे आलेख बदलला तरी तो एमएमपीएल५ मुळेच बदलला असं म्हणता येत नाही. क्यूपीसीआरने (जीन किती चालू आहे ते मोजणाऱ्या पीसीआरने) एमएमपीएल५ ची पातळी मोजणं जास्त थेट आहे.

व्हेरापामिलने प्रयोगशाळेत बेडाक्विलिनची एमआयसी खाली येते हे खरं. पण ते फक्त पंपच रोखतं असं नाही, जिवाणूच्या पटलाची ऊर्जाही बिघडवतं. उंदरांमध्ये तर त्याने रक्तातलं बेडाक्विलिनच वाढलेलं दिसलं. शिवाय ते सीवायपी३ए४ (यकृतातलं औषधं मोडणारं एन्झाइम) अडवतं आणि हृदयाचे ठोके मंदावतं, आणि बेडाक्विलिन ईसीजीतला क्यूटी लांबवणारं औषध आहे. हे दोन्ही एकत्र देणं धोक्याचं.

मायकोलिक:
एमआयसी १ किंवा त्याहून कमी आली तरी नुसतं 'एस' लिहून रिपोर्ट सोडू नका. एमआयसीचा आकडा, म्युटेशन आणि त्याचे टक्के तिन्ही लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. बीपीएएलएम (बेडाक्विलिन असलेला चार औषधांचा कोर्स) सुरू असेल तर हे आजच कळायला हवं. बेडाक्विलिनचं टर्मिनल हाफ-लाइफ (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ) सुमारे साडेपाच महिने आहे. गोळ्या थांबवल्या तरी ते शरीरात एकटंच उरतं, आणि तेवढ्या कमी पातळीवर हा पंपवाला जिवाणू आरामात वाढतो.